दगडी शिपायाला लागलेला पाय

फ्रँकफर्टच्या एका छोट्या संग्रहालयात सुनेत्रा देवस्थळी अटेंडंट म्हणून लागली, ते साल २०१४. नवऱ्याच्या नोकरीपायी देश सोडून अकरा वर्षं झाली होती, आणि हे तिचं इथलं पहिलं काम. प्रोबेत्साइटचे, म्हणजे कच्च्या नोकरीचे, शेवटचे चार दिवस उरले होते.

तिच्या दालनात सायप्रसचा चुनखडीचा शिपाई होता. शिपाई कसला, नुसतं डोकं! वर टोकदार शिरस्त्राण, ओठांवर अडीच हजार वर्षांचं हसू. सुनेत्रा त्याला 'भाऊजी' म्हणायची आणि दिवसभर लोकांना बजावायची, "हात लावू नका हं!"

त्या मंगळवारी दालन रिकामं होतं. वळताना तिचा बूट चौथऱ्यावर आपटला. काही कळायच्या आत तिचा हात भाऊजींच्या गालाला लागून तिच्या डोळ्यांना टेकलासुद्धा. पाय लागला की नमस्कार, लहानपणापासूनची सवय!

मग तिला आठवलं, हाताला नुकतंच क्रीम चोपडलं होतं.

तिने नवऱ्याला फोन लावला. "अहो, भाऊजींना पाय लागला."

"बरं, मग?" नागेश म्हणाला.

"मग मी हात लावला."

"अगं, लांबून करायचास की नमस्कार! पाहिलं का कुणी?"

"नाही."

"मग गप्प बस. चार दिवस काढ."

"आणि डाग पडला तर? रोज त्यांच्यासमोर उभं राहायचंय मला."

फोन ठेवून ती थेट वरच्या मजल्यावर गेली, मूर्ती दुरुस्त करणाऱ्या फ्राऊ झाइडेलकडे.

"तुम्ही हात लावलात? तुम्ही?"

"पाय लागला म्हणून."

"म्हणजे पाय लागला, तर हात कशाला?"

"माफी मागायला."

फ्राऊ झाइडेल भिंग घेऊन खाली आल्या. "चुनखडी तेल पिते. उद्या सांगितलं असतंत, तर आत मुरलं असतं. आत्ता निघेल." तासभर त्या कापसाने हळूहळू टिपत राहिल्या, सुनेत्रा दिवा धरून उभी.

शुक्रवारी संचालकांनी अहवाल वाचला. "स्पर्श कोणी केला? देवस्थळी. कळवलं कोणी? तेही देवस्थळी?"

"हो," ती पुटपुटली.

"इथे काही बिघडलं की सगळे म्हणतात, आधीपासूनच होतं," ते म्हणाले आणि पक्क्या नोकरीच्या कागदावर सही केली.

पुढे फ्राऊ झाइडेल निवृत्त झाल्या. सुनेत्रा अजून त्याच दालनात आहे. रोज सकाळी दोन पावलं लांबून ती भाऊजींना हात जोडते, आणि मग जिन्याकडे वळून, फ्राऊ झाइडेल बसायच्या त्या वरच्या मजल्याला.