खांबाच्या आतून आलेली ओ

भूत, भानामती, अंगात येणं — या सगळ्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहून वाटली आहेत. असला अनुभव माझ्या नावावर छापला जावा याची मला लाज वाटते. तरी लिहितो, कारण गप्प बसणारे इथे पुरेसे आहेत.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पिंपरी स्टेशनजवळ, मुंबई रस्त्याला लागून एक नवा कारखाना उभा राहत होता. मालकांना ऑफिसच्या दारात देवळासारखे खांब हवे होते, पण दगड परवडत नव्हता. म्हणून काँक्रीटच्या बारक्या खांबांना फायबरग्लासची कवचं. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यात पसरायचं, त्यावर रेझिन नावाचं उग्र वासाचं चिकट रसायन चोपडायचं, वाळलं की कमळांच्या नक्षीचं अर्धं कवच तयार. दोन अर्धी जोडली की लांबून अस्सल पाषाण... आत पोकळी. सध्या पुष्कळ काही असंच बांधलं जातंय.

रेझिन कालवायचं काम चिखलीचा किसन करी. पत्र्याची शेड, खिडकी नाही. एके दुपारी तो तिथेच कोसळला. बैलगाडीतून घरी नेईपर्यंत संपला. ठेकेदार म्हणाला, या नावाचा माणूस माझ्या कामावर कधी नव्हताच. किसनची बायको सोनाबाई रोज येऊन फाटकाशी बसे. तो इथं कामाला होता एवढं कबूल करा — एवढंच तिचं मागणं. लेबर ऑफिसरकडे अर्ज मी केला. साक्षीला मात्र कुणी तयार होईना.

चौकशीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मी पुन्हा माणसांना विनवायला गेलो. शेवटच्या खांबाचं कवच बसत होतं. आमच्या भागात धान्याचं जमिनीखालचं पेव झाकण्याआधी आत हाक मारतात — कोंडलेल्या हवेनं कुणी खाली पडलं असेल तर कळावं म्हणून. चिखलीचेच म्हादूतात्या कामावर होते. त्यांनी सवयीनं दोन अर्ध्यांमधल्या फटीला तोंड लावलं.

"कोन हाय का आत?"

मी हसलो. म्हटलं, तात्या, हे पेव नव्हे, यात मांजरसुद्धा मावायचं नाही.

आणि आतून ओ आली. दमलेली, खोकत आलेली...

"हाय की."

सगळ्यांचे हात थांबले. सावलीत चहा पीत बसलेला ठेकेदार उठून आला. त्याचा चेहरा उतरला होता. फटीपाशी वाकून तो हळूच म्हणाला, "किसन... अरे, तुला घरी पोचवला होता ना आम्ही."

कवच उतरवलं. आत काँक्रीट आणि चार बोटांची पोकळी. मी स्वतः हात घालून पाहिलं. पाइप नाही, भोक नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसरसमोर ठेकेदारानं तेच सांगितलं — किसन नावाचा माणूस नव्हता. फटीपाशी त्यानंच किसनला नावानं हाक मारली, हे माझं म्हणणं 'पत्रकबाजी' म्हणून बाजूला पडलं. मग ऑफिसरनं म्हादूतात्यांना विचारलं.

"खांब बोलला सायेब. समद्यांनी ऐकलं."

आणि ठेकेदार काय म्हणाला? मी विचारलं.

तात्यांनी मान खाली घातली. "त्ये काय ध्यानात न्हाई."

ऑफिसर हसला. अर्ज निकालात निघाला.

बाहेर सोनाबाई तात्यांच्या वाटेत उभी राहिली. रडली नाही. "तात्या, मेला त्यो ओ देतो," ती म्हणाली, "आन् तुमी जित्तं असून देईनासा."

तो आवाज कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. बाकी सगळ्याचं कारण मला ठाऊक आहे.