म्युलरसाहेबांचा फेटा

तुमी म्हणता कदम सर लय हुशार. आता काय सांगू, त्या हुशारीनं भर प्लॅटफॉर्मवर माझं काय केलतं! ऐका, पण चहा तोंडात धरून ऐकू नका. ठसका लागंल.

परभणीत शेतकी कॉलेजात मी नवा लेक्चरर. नोकरी कच्ची. ती पक्की करणं विभागप्रमुखांच्या हातात, आणि ते नुकतेच बदलून आलेले. एक दिवस बोलावलं.

"कदम, परदेशी शास्त्रज्ञांबरोबर आपल्या विभागाचं सहकार्य किती, अशी वरून विचारणा झालीय. त्यांच्यासोबत मिळून छापलेले पेपर मोजा. आकडा चांगला आला तर तुमच्या नोकरीचं बघू."

मोजले बाबा! लायब्ररीतली धूळ खाऊन शिंकून शिंकून बेजार झालो. आकडा किती? एक! ज्वारीवरचा पेपर. आमच्या विभागातले एक रिटायर झालेले सर, आणि त्यांच्या शेजारी एस. म्युलर, जर्मनी.

प्रमुख खुर्चीतून उठलेच. "बोलवा त्यांना! एकाचे दहा पेपर होतील!"

मी 'डिअर सर' म्हणून पत्र धाडलं. उत्तर आलं, हिवाळ्यात भारतात येणारच आहे, परभणीला येतो असं समजा. इंग्रजीत दोन ओळी, खाली सही तीच, एस. म्युलर.

मग काय इचारता! साहेब सहा फुटी असणार म्हणून मी गेस्ट हाऊसच्या पलंगाला बाक जोडला. आचाऱ्याला दम दिला, "मिरची दिसली तर बघ!" भरजरी फेटा आणला.

बायको म्हणली, "तुमी बघितलाय का त्याला?"

"शास्त्रज्ञ हाय गं! बघायला कशाला लागतंय?"

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. यष्टी कधी बंद पडंल नेम न्हवता, म्हणून साहेबांना रेल्वेनं बोलावलेलं. प्लॅटफॉर्मवर अख्खा विभाग, पुढं मी, हातात फेटा. गाडी आली. गोरा माणूस कुठंच न्हाई! डब्याच्या दारात एक बाई, साडी नेसलेली, भली मोठी बॅग घेऊन उभी.

"ओ बाई, जरा बाजूला व्हा की! साहेब उतरायलेत!"

"कोण साहेब? म्युलर मीच हाय." मग माझ्याकडं निरखून बघितलं. "अगं बाई! तुमी वालूरचे कदम न्हवं का?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली राव! लग्नाआधी सेलूला हिलाच बघायला गेलतो. पोहे दोनदा मागून खाल्ले, वर इचारलं, "भाकरी येती का?" ती म्हणली, "सध्या ज्वारीवर अभ्यास करायलेय. भाकरीचं मागून बघू." आमी कळवलं, पोरगी लय शिकलेली हाय, जमायचं न्हाई. ती पुढं शिकायला जर्मनीला गेली, तिथंच लग्न केलं, आडनाव बदललं. बाईचं आडनाव बदलतंय, हे मला पेपर बघताना सुचावं का न्हाई? न्हाई सुचलं!

फेटा तिनं हौसेनं बांधून घेतला. जेवायला बसल्यावर उकडलेल्या भाज्या बघून म्हणली, "ठेचा न्हाई का ओ?" आचारी माझ्याकडं असा बघायला लागला की मी मान वरच केली न्हाई.

खरी मजा सभागृहात झाली. बाई भाषणाला उभ्या राहिल्या. "या विभागाचं परदेशी सहकार्य कुणामुळं सुरू झालं, म्हाईत हाय का? कदमांमुळं! त्यांनी होकार दिला असता तर मी आज वालूरला भाकऱ्या थापत बसले असते."

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी होतं. शिपाईसुद्धा हसायला लागला! मी मनात म्हणलं, गेली नोकरी. आता गावाकडं जाऊन आपणच भाकऱ्या थापायच्या.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी बोलावलं. चेहरा एकदम गंभीर.

"कदम, तुमची नोकरी पक्की."

मला तर रडूच आलं. "सर, तुमचे उपकार…"

"ते राहू द्या. आधी मला सांगा, लग्नाआधी आणखी किती मुलींना नकार दिलात? सगळ्या आठवा बरं. एकावर आपलं भागायचं नाही."