साटंलोटं आणि गोटूभाऊचं बटण

गोटूभाऊचं खरं नाव भूपेंद्र चौधरी आहे, हे बुरहानपुरात त्याच्याकडून लग्नपत्रिका छापून घेणाऱ्या एकालाही ठाऊक नसेल. राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं कंपोझिंगचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं मिक्सर-कुकर दुरुस्तीचं. मधली भिंत पातळ, त्यामुळे त्याच्या बढाया ऐकून माझे कान किटले आहेत. भांडावं तर तो लगेच चहा मागवतो, म्हणून भांडताही येत नाही.

गोटूभाऊ नवी पत्रिका कधीच लिहीत नाही. जुनी उघडतो, जुन्या माणसांची नावं काढतो आणि नव्यांची घालतो. सगळेच तसं करतात. पण गोटूभाऊचं लक्ष कामापेक्षा बोलण्यात जास्त. एकदा कोपऱ्यात आधीच्या गिऱ्हाइकाचा नवरदेव तसाच राहून गेला आणि एका नवरीला दोन नवरे मिळाले. लोकांनी ते प्रकरण इतकं चघळलं की गोटूभाऊ इरेला पेटला. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून या माणसाने पन्नाशीत प्रोग्राम लिहायला शिकून घेतलं आणि स्वतःचं एक बटण तयार केलं. डाव्या रकान्यात जुनी नावं, उजव्या रकान्यात नवी. बटण दाबलं की वरच्या ओळीपासून खालपर्यंत एकेक नाव पत्रिकाभर बदलत जायचं. त्याने ते मला इतक्या वेळा दाखवलं की शेवटी मी त्याला म्हटलं, बाबा, मी लग्न झालेला माणूस आहे, मला दाखवून काय उपयोग.

बटण खरंच चांगलं चालायचं, हे मला मान्य करावं लागेल. कितीतरी लग्नं त्याने बिनचूक पार पाडली. मग खुद्द गोटूभाऊच्या घरी लग्न निघालं, आणि तेही साटंलोटं.

गोटूभाऊचा मुलगा मनोज आणि मुलगी निशा. निंबोल्याचे केळीवाले उखर्डू महाजन, त्यांची मुलगी पूनम आणि मुलगा पंकज. पूनम मनोजला द्यायची, निशा पंकजला, आणि दोन्ही लग्नं एकाच मांडवात लावायची. चारही पोरं खूश होती. अडून बसले होते ते फक्त उखर्डूआप्पा. त्यांच्या सख्ख्या आत्याचं साटंलोटं झालं होतं. दुसऱ्या जोडप्याचं बिनसलं, ती बाई माहेरी निघून गेली, तेव्हा सुखात नांदणाऱ्या आत्यालाही लोकांनी हिशेबाने माघारी आणून बसवलं. एक मोडलं की दुसरंही मोडायचं, असा तो व्यवहार. आप्पा महिनोन्‌महिने हो म्हणेनात. निशाने स्वतः निंबोल्याला जाऊन त्यांची समजूत घातली तेव्हा कुठे सुपारी फुटली.

पहिली पत्रिका मनोजची. ती झकास झाली. दुसरी पंकजची. गोटूभाऊने विचार केला, माणसं तीच आहेत, फक्त इकडची तिकडे करायची. त्याने मनोजचीच पत्रिका घेतली, मनोजच्या जागी पंकज आणि पूनमच्या जागी निशा टाकली. मग बापांची अदलाबदल: ‘भूपेंद्र चौधरी’च्या जागी ‘उखर्डू महाजन’, आणि खालच्या ओळीत ‘उखर्डू महाजन’च्या जागी ‘भूपेंद्र चौधरी’. बटण दाबलं, आणि न वाचता पत्रिका थेट व्याह्यांच्या मोबाइलवर पाठवून दिली. न वाचता पाठवण्यातच खरी ऐट होती.

दुपारी उखर्डूआप्पा मोटरसायकलवरून दुकानात हजर झाले. मी पाना हातात घेऊनच बाहेर आलो.

“व्याहीबुवा,” आप्पा शांतपणे म्हणाले, “मी जिवंत आहे ना अजून?”

“म्हणजे काय? बसा ना, चाय सांगतो.”

“चाय राहू द्या. ही पत्रिका वाचा. चिरंजीव पंकज भूपेंद्र चौधरी. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी निशा भूपेंद्र चौधरी. पोऱ्या बी तुमचा, पोरगी बी तुमची. बहीण-भावाचं लगन लावून राहिले का तुम्ही? अन् माझा पोऱ्या तुमचा कधी झाला, भो?”

गोटूभाऊचा चेहरा उतरला. बटणाची गलती आहे, आत्ता ठीक करून टाकतो, असं म्हणत त्याने घाईघाईने दोन्ही ओळी उलट्यापालट्या केल्या आणि पुन्हा दाबलं. आता पंकजही उखर्डू महाजनांचा आणि निशाही उखर्डू महाजनांची. नेमक्या त्याच वेळी गोटूभाऊची बायको, आशावहिनी, डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “वा. नऊ महिने मी वागवली, अन् नाव आप्पांचं.”

मला हसू आवरेना. पण आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, भाऊबंदांत ही पत्रिका फिरली आहे, लोक विचारताहेत की हे लग्न आहे की चौधऱ्यांनी तुमचं घर दत्तक घेतलं. सोमवारी पत्रिका देवापुढे ठेवायची आहे. तोवर नीट झाली नाही तर मी दोन्ही सोयरिकींचा पुन्हा विचार करीन. इतकं बोलून ते गेले. गोटूभाऊ पहिल्यांदाच गप्प बसलेला मी पाहिला, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

आता त्याने बटणाला शिस्त लावली. एका वेळी एकच ओळ चालेल, मग थांबेल, म्हणजे चूक कुठे होते ते दिसेल. दुसऱ्या दिवशी त्याने मला बोलावून दाखवलं. पहिली ओळ चालली की सगळे चौधरी महाजन होऊन बसत. मग दुसरी ओळ यायची. यातले मूळचे महाजन कोण आणि आत्ताच झालेले कोण, हे तिला बिचारीला कसं कळावं? ती सगळ्यांनाच चौधरी करून टाकायची. आजवर एका घराच्या पत्रिकेचा दुसऱ्या घराशी संबंधच नसायचा, म्हणून हे कधी उघडकीला आलं नाही. रोग सापडला, पण औषध सापडेना.

ते आशावहिनींच्या बोलण्यातून निघालं, आणि त्यांचं बोलणं भलत्याच विषयावर चाललं होतं. रविवारी रात्री मी त्यांच्याकडे जेवायला होतो. एक नवरी उंबऱ्यातून बाहेर पडताना दुसरी समोरून आत यायला नको, यावर वहिनी अडून बसल्या होत्या. “निशाला आधी जैनाबादला मामाकडे नेऊन ठेवू. मग पूनम घरात येईल. मग निशा मामाकडूनच निंबोल्याला जाईल.”

गोटूभाऊ खरकट्या हाताने उठला. “मामाकडे ठेवायचं,” तो म्हणाला, आणि चप्पल न घालता दुकानाकडे निघाला. पाठोपाठ मी, वहिनी आणि निशा.

त्याने तीन ओळी केल्या. आधी भूपेंद्र चौधरीच्या जागी नुसतं ‘मामा’. मग उखर्डू महाजनांच्या जागी भूपेंद्र चौधरी, कारण ती जागा आता रिकामी होती. मग ‘मामा’च्या जागी उखर्डू महाजन. दोन्ही बाप बिनचूक आपापल्या जागी बसले. आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात निशाने तळाची ओळ वाचली, तीच ती ‘आमच्या मामाच्या लग्नाला’ अशी पोराटोरांच्या नावाने घालतात ती: “आमच्या उखर्डू महाजनच्या लग्नाला यायचं हं.”

“पप्पा, आप्पांची शादी कशाला लावता,” ती म्हणाली. “ऐसा शब्द लो ना जो कार्ड में होताच नाही. एक्सवायझेड टाका.”

पण गोटूभाऊचं बटण फक्त देवनागरी ओळखतं, आणि अर्थ नसलेला शब्द त्याच्या स्वतःच्या ध्यानात राहत नाही. मी ‘कुकर’ सुचवला. तो म्हणाला, आहेर आणू नये म्हणून जी ओळ असते तिच्यात लोक भांडी लिहितात. लग्नपत्रिकेत चुकूनही येत नाही असा शब्द कोणता, यावर आम्ही तिघं डोकं खाजवत बसलो. वहिनींना मागची भांडी घासायची होती. त्या वैतागून म्हणाल्या, “काडीमोड टाका.”

कुणालाच याच्याहून चांगला शब्द सुचला नाही.

सोमवारी सकाळी ठरल्या वेळेआधीच उखर्डूआप्पा दुकानात शिरले. रात्री उशीर झाल्याने राहिलेलं काम गोटूभाऊ माझ्या आणि वहिनींसमोर उरकत होता; दुसरी ओळ नुकतीच चालवली होती, तिसरी बाकी होती. आप्पांनी पडद्यावर पाहिलं. चि. पंकज काडीमोड यांचा शुभविवाह. आणि खाली, आपला नम्र, काडीमोड.

मी भिंतीला टेकलो. वहिनींनी पदर तोंडाला लावला. आप्पांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांच्या घरात हा शब्द गमतीनेही कुणी उच्चारत नसे.

“आप्पा,” गोटूभाऊ म्हणाला, “एकच बटण बाकी आहे. दोघांना आपापल्या घरी न्यायचं तर मधी कुठंतरी थांबवावं लागते. हा शब्द तेवढ्यासाठीच घेतला, पत्रिकेत तो राहणारच नाही म्हणून. तुम्हीच दाबा.”

आप्पा खुर्ची ओढून बसले, बोट पुसलं, आणि दाबलं. चि. पंकज उखर्डू महाजन. चि. सौ. कां. निशा भूपेंद्र चौधरी. आपला नम्र, उखर्डू महाजन. मामा मामाच्या जागी होते. गोटूभाऊने इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं आता बढाई सुरू होणार. पण तो आप्पांकडेच बघत राहिला.

आप्पांनी पत्रिका वरपासून खालपर्यंत ओठ हलवत वाचली. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “तो शब्द कुठं राहिला तर नाही?”

“नाही, आप्पा. मशीन एक बी सोडत नाही.”

“मशीनचं राहू द्या. तुम्ही पाहा. एक पोरगी तुमची आहे, एक माझी.”

गोटूभाऊने माउस बाजूला ठेवला आणि दोन्ही पत्रिका कागदावर काढल्या. एक आप्पांना दिली, एक स्वतः घेतली. वाचून झाल्यावर दोघांनी त्या आपसांत बदलल्या, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.