बैलाला न टोचलेली सुई

म्हशाच्या जत्रेतली ती दुपार मी अजून विसरलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण जीव टांगणीला लागला तो एका औषधाच्या खोक्यापायी.

बंदोबस्तासाठी आमची तात्पुरती चौकी बैलबाजाराच्या कडेला होती. धूळ, भोंगे, हरवलेली पोरं, भांडणं, चालूच. त्यात खबऱ्याने बातमी आणली की मुरबाडकडचा एक व्यापारी थकलेल्या बैलांना इंजेक्शन टोचून तरतरीत करतो आणि विकतो. सुई म्हणे कुल्फीवाल्याच्या पेटीत लपवलेली असते. असली लबाडी बाजारात नवी नव्हती. दोन पंच घेऊन निघालो. कुल्फीवाल्याने घाबरून पेटी उघडली, तर बर्फात पिशवीत गुंडाळलेलं खोकं आणि आत जाड पेनासारखं इंजेक्शन. पंचनामा केला, मुद्देमाल ताब्यात घेतला आणि व्यापाऱ्याला चौकीत आणलं.

पन्नाशीचा, उन्हाने रापलेला माणूस. खोकं बघितल्यावर त्याचा चेहराच उतरला.

"माझंच हाय साहेब. बैलांना टोचतो मी. लिवा."

आता आली का पंचाईत! गुन्हेगार आधी नाही म्हणतो, मग पाणी मागतो, मग मेहुण्यावर ढकलतो. हा बाबा गुन्हा अंगावर ओढून घेत होता आणि सारखा दाराकडे बघत होता.

"कबूल करतोय तर लिहून मोकळे होऊ," हवालदार म्हणाले. मोकळे कसले होतो? गुन्हा नोंदवला की बैल जप्त आणि बाजारातून त्याचं नाव कायमचं उठलं.

"कुठल्या बैलाला टोचलंस? कुठं?"

"ढवळ्याला. मानंवर."

मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सुई पाहिली आणि हसले. एवढीशी सुई बैलाच्या कातड्यात शिरणार नाही, म्हणाले. मग खोकं घेऊन मी स्वतः आरोग्य खात्याच्या तंबूत गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी नाव वाचलं.

"हे अर्धशिशीचं औषध आहे. अँटीबॉडी प्रकारचं इंजेक्शन. महिन्यातून एकदा मांडीत किंवा पोटावर घ्यायचं. चालू असलेली डोकेदुखी यानं थांबत नाही, पुढचे झटके कमी व्हावेत म्हणून घेतात. पण हे होतं कुठं?"

"कुल्फीच्या पेटीत."

बाईंनी कपाळाला हात लावला. "थंड ठेवा म्हणतात, गोठवा नाही म्हणत हो! कुल्फीच्या बर्फात मीठ असतं, त्यानं तो आणखी गार होतो. एकदा गोठलं की औषध वाया."

परत येऊन मी खोकं त्याच्यापुढे ठेवलं. "औषध कुणाचं, ते सांग."

तो मटकन खाली बसला. "पोरीचं, साहेब. अर्धा महिना काळोखात ओकत पडायची. ह्ये चालू केलं तशी उठती, भाताच्या लावणीला येती. पुरतं गेलं नाय, पण माणसात आली. आज डोसचा दिवस. आमच्या पालात फ्रीज कुठला? आनि आजच खर्डीचे पावणे तिला बघाया येतायत. डोक्याचं दुखणं म्हटलं की लोकं वेडी म्हणतात. बैलांना टोचलं म्हटलं तर नाव माझं खराब व्हईल, तिचं नाय."

त्याला सोडायचं मी ठरवलंच होतं. तेवढ्यात पाहुणेच दारात हजर. जत्रेत बातमीला काय वेळ लागतो? मुलगा, त्याचे वडील, कपाळाला फडकं घट्ट आवळलेली त्याची आई, आणि मागोमाग व्यापाऱ्याची पोरगी.

"गैरसमज होता," मी म्हणालो. "यांचा काही दोष नाही."

"मंग सुई कसली व्हती?" मुलाच्या बापाने विचारलं.

खरं सांगावं तर पोरीची सोयरीक मोडणार, नाही सांगावं तर बापावरचा डाग तसाच राहणार. भीती वाटली, अगदी स्वच्छ सांगतो.

"माझी," पोरगी म्हणाली. "मला अर्धशिशी हाय. बाबा लपवतात. मी नाय लपवणार."

तिचा बाप मान खाली घालून बसला होता. मुलाचा बाप बायकोकडे वळला. ती मात्र पुढे झाली, पोरीच्या अगदी जवळ, आणि हळूच विचारलं, "गो, ह्या सुईनं उजेड सोसतो का तुला?"

पोरीने मान हलवली. "आधीपेक्षा सोसतो."

ते खोकं डॉक्टरबाईंनी वापरू दिलं नाही, दुसरं आणेपर्यंत पोरीला थांबावं लागलं. सोयरिकीचं पुढे काय झालं, ते विचारायचा माझा हक्क नव्हता. पण त्यानंतर कुणी भराभरा गुन्हा कबूल करू लागला की मी लेखणी खाली ठेवायचो आणि विचारायचो, हे तू कुणासाठी सांगतोयस? कैक वेळा उत्तर मिळालं.

त्या संध्याकाळी गस्त घालताना आरोग्य तंबूवरून गेलो. पोरगी आणि मुलाची आई रांगेत उभ्या होत्या. कपाळाचं फडकं बाईने सोडून हातात धरलं होतं.