मंगलताईंच्या आईची चाल

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर पहिल्यापासूनच वाईट. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर तेवढं सांभाळून घ्यावं. मंगलताईंना जाऊन पाच आठवडे झाले. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

त्या मंगळवारी सकाळी मी वेम्बलीतल्या दुकानामागच्या स्वयंपाकघरात नेहमीसारख्या चपात्या लाटत होते. माझे हात कणकेने भरलेले, म्हणून मालकीणबाईंनीच फोन आणून माझ्या कानाला लावला. मंगलताईंचा नितीन होता. तो इथेच जन्मला, त्याचं मराठी इथलंच. "शालनमावशी, आई उठला नाही," म्हणाला. "मी खूप हाक मारला." मी "बरं" म्हणाले. खरंच, बरं म्हणाले, आणि पुढची चपाती लाटली, तव्यावर टाकली, उलटली, ती फुगलीसुद्धा... मग मालकीणबाईंनी गॅस बंद केला. आदल्या संध्याकाळी मंगलताई माझ्याबरोबर बसस्टॉपवर उभ्या होत्या, कोथिंबिरीच्या जुड्या बारीक झाल्या म्हणून कुरकुरत. ते बोलणं अजून माझ्या कानात आहे. बाई मात्र नाहीत. हे माझ्या डोक्यात शिरतच नाही.

माझे मिस्टर हॉटेलात कुक म्हणून इकडे आले आणि त्यांच्या मागोमाग मी आले, तेव्हा आमच्याच मजल्यावर मंगलताई राहायच्या. मी दाराबाहेर पडत नाही हे बघून त्या मला मंदिराच्या हॉलमध्ये, गुरुवारच्या भजनी मंडळाला घेऊन गेल्या. "ही शालन," म्हणून ओळख करून दिली, "गाते चांगली, पण कुणाला ऐकू येत नाही." सगळ्या हसल्या आणि मला त्यांच्याशेजारी कडेची जागा मिळाली. ती कधी सुटली नाही.

आठवड्यातून तीन दिवस त्या अ‍ॅक्टनला एका जपानी घरी इस्त्रीला आणि घरकामाला जायच्या. त्या बाईंचं नाव युको. त्यांच्या घरी सारखी एकाच माणसाची गाणी चालू असायची. त्यांच्या देशातला कुणी गायक, स्वतःच लिहितो, स्वतःच गातो आणि गिटारही स्वतःच वाजवतो. तिकडे म्हणे शाळेतल्या पोरांपासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना त्याची गाणी पाठ. दोघींचं इंग्रजी एकत्र केलं तरी एकीला पुरलं नसतं, पण ही एवढी माहिती मंगलताईंनी मिळवली होती. संध्याकाळी आम्ही बसमध्ये भेटलो की त्या पिशवीवर बोटांनी ठेका धरून गुणगुणायच्या. "शब्द कळतात का तुम्हाला?" मी एकदा विचारलं. "शब्द कशाला लागतात? इस्त्री काय शब्दांवर चालते?"

आमच्या मंडळाच्या प्रमुख जोगळेकरकाकू. वय पंचाहत्तर, पेटी उत्तम वाजवतात. दुसरी मंडळं अभंगाला सिनेमाच्या चाली लावतात, ते काकूंना खपत नाही. "देवासमोर नट-नट्या नाचवायच्या नाहीत," असं त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि एका गुरुवारी मंगलताईंनी एक जुना अभंग धरला, तो त्या गिटारवाल्याच्या चालीवर. मी खाली मान घालून बसले. काकू पेटीवर सूर शोधत गेल्या, थांबल्या, डोळे मिटून पुन्हा वाजवलं. "अगं, हा तर शुद्ध भूप. हल्ली असा ऐकायला मिळत नाही. कुठली चाल म्हणायची ही?"

"माझ्या आईची," मंगलताई म्हणाल्या. पापणीसुद्धा लवली नाही. "दळताना म्हणायची."

परत येताना बसमध्ये त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी म्हटलं, ताई, सांगून टाका. "सांगते गं. म्हातारीचा भूप जरा ओसरू दे." तो ओसरला नाही. काकू दर गुरुवारी ती चाल घ्यायच्या आणि त्याआधी मंगलताईंच्या आईला हात जोडायच्या. मग मंगलताईंचं हसू कमी झालं. "आता कसं सांगू?" म्हणायच्या. अशी दोन वर्षं गेली.

क्रिमेटोरियममध्ये आम्हाला वीस मिनिटं मिळाली होती. काकू हळूच म्हणाल्या, तिच्या आईचीच चाल घेऊ या. आम्ही म्हणायला लागलो. मी कडेला होते म्हणून मला मागची रांग दिसत होती. तिथे काळ्या कपड्यांतली एक जपानी बाई उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. आम्ही थांबत होतो तिथे ती थांबत होती, आम्ही वर जात होतो तिथे ती वर जात होती. माझा आवाज बंदच झाला. समोर पडदा सरकत होता, त्यामागे मंगलताई जात होत्या, आणि मी त्यांच्याकडे न बघता या बाईकडे बघत होते...

बाहेर फुलांपाशी मी एकटी उभी होते तर ती माझ्याजवळ आली. सावकाश इंग्रजीत म्हणाली, ते आमच्याकडचं गाणं, माझ्या घरी मंगलने ऐकलेलं. एरवी मला इंग्रजी समजत नाही, त्या दिवशी शब्दन् शब्द समजला. ती गेल्यावर काकू आल्या. "कोण गं ती? काय म्हणत होती?"

"छान म्हटलंत, म्हणाली."

मला खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी काकूंनी एक कागद वाचून दाखवला. मंडळाच्या पुस्तिकेत ती चाल छापायची होती, वर मंगलताईंच्या आईचं नाव, खाली राग भूप. उद्या छापायला जाणार. कधीतरी ते खोटं उघडं पडलं असतं, आणि सगळ्यांनी मंगलताईंना लबाड म्हटलं असतं. त्या उत्तर द्यायला नसत्या. त्यांचं आता नावच तेवढं उरलं होतं आणि ते सांभाळायला मी एकटीच होते. गप्प बसून ते राहील की बोलून, हे मला कळत नव्हतं. मी उभी राहिले. मंडळात मी उभी राहिलेली कुणी कधी पाहिली नव्हती. जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "त्यांना सांगायचं होतं काकू. तुम्ही हात जोडायला लागलात, मग त्यांना सांगवेना."

मागून एकजण म्हणाली, "म्हणजे आपण दोन वर्षं देवळात जपानी गाणं म्हणतोय?" आणि तिला हसू आवरेना. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पेटीचा भाता लावला. "मी त्या माउलीला हात जोडत होते," म्हणाल्या. "मला सांगायला काय झालं होतं तिला? मी काय तिला खाल्लं असतं?"

"हो," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

काकूंनी पेन घेतलं. मग कागदावरचं नाव त्यांनी खोडलं. "भूप तर भूपच आहे. त्या माणसाचं नाव काय?" मला माहीत नव्हतं. "मग विचारून ये. दुसऱ्याची चाल नावाशिवाय छापायची नाही. आणि मंगलने बसवली, तेही लिहू."

काल मी दोन बस बदलून एकटी अ‍ॅक्टनला गेले. युकोबाईंनी नाव लिहून दिलं, एकदा त्यांच्या लिपीत, एकदा इंग्रजीत. गाण्यात काय आहे विचारलं, तर "पाऊस" म्हणाल्या, थोडा विचार करून "आणि एक मुलगी". मग त्यांनी सीडी लावली. मी ते गाणं त्या माणसाच्या आवाजात कधीच ऐकलं नव्हतं. आम्ही टाळांवर संथ म्हणायचो, हे पळत होतं, आणि तो गाण्यापेक्षा बोलल्यासारखाच वाटत होता. मंगलताईंनी उचललेली ओळ आली तेव्हा मी खुर्चीची पाठ धरली. दोन कडव्यांनंतर त्याचा आवाज थांबला आणि नुसतं गिटार सुरू झालं. हे मंगलताईंनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. युकोबाईंनी खिडकीजवळच्या इस्त्रीच्या टेबलाकडे बोट केलं आणि हाताने दाखवलं, की इथे आलं की मंगल इस्त्री उभी करून ठेवायची आणि गिटार संपेपर्यंत तशीच उभी राहायची.

आम्ही दोघी त्या जागेकडे बघत होतो. मला वाटत होतं, आता गिटार थांबेल आणि इस्त्री कपड्यावर टेकल्याचा आवाज येईल. गिटार थांबलं. तो माणूस पुढचं कडवं म्हणायला लागला.