सासूची गाणी

आमच्या बदलापूरकडच्या गावांत लग्नाला भटजी उशिरा आला तर एक वेळ चालायचं, पण धवला, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणारी बाई उशिरा आली तर मांडव अडायचा. हळद, लग्न, पाठवणी, सगळं तिच्या गाण्यावर. अट एकच: गाणं जुनं हवं, सासूकडून नाहीतर आईकडून आलेलं. नव्या गाण्यानं म्हणे संसाराला दृष्ट लागते.

आणि मला तर नवीच सुचायची. भाताच्या लावणीला वाकले की ओळी यायच्या, त्याला मी काय करू? पहिलं गाणं एका हळदीत म्हटलं, तर एका म्हातारीनं हात धरला. "यो गाना कुनाचा गो?" मी घाईनं "सासूचा," म्हटलं. सासू समोरच सुपारी कातरत बसलेली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. वास्तविक ती अंगाई गायला लागली की पाळण्यातलं पोर उठून बसायचं.

त्या दिवसापासून मी गाणी रचत गेले आणि सासू मोठी होत गेली. जांभूळ गावापासून अंबरनाथपर्यंत बोलावणी यायची. पाट तिला, पहिलं पान तिला, लुगडंही तिला. गळा तेवढा मी फोडायचा. एका गाण्यात मी नवरीला कॅम्पातल्या बांगड्या भरल्या होत्या. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा तो कॅम्प वसून जेमतेम चार पावसाळे झालेले, तरी म्हाताऱ्या छातीठोक सांगायच्या, "आमच्या हलदीला योच गाना होता!" मला हसू यायचं आणि, खोटं कशाला बोलू, पोटातही दुखायचं.

मग मुंबईहून एक साहेब जुनी गाणी गोळा करायला अंबरनाथच्या एका शाळेत आले, आवाज पकडून ठेवणारं यंत्र घेऊन. माझा आवाज माझ्यामागे राहणार, या विचारानं मला आठ दिवस जेवण गेलं नाही. नाव सासूचं लागलं तरी लागो, असं मी मनाशी पक्कं केलं.

साहेबांनी वही उघडली. "मावशी, गाणं कुणाचं?"

मी "सासूचं" म्हणणार, तोच शेजारून सासू बोलली, "सायेब, खोटा लिवू नको. सगली गानी हिनंच केलीत. मना गाता नाय येत."

इतकी वर्षं पंगती झोडल्यावर हिला सत्य आठवलं ते आजच! साहेब नम्रपणे म्हणाले, "आम्हाला परंपरेचीच हवीत हो," आणि यंत्राचं झाकण लावलं.

परतताना सासूचा चेहरा नुसता खुललेला. "तुजा नाव सांगला ना मी?" म्हणाली. भांडावं की रडावं, कळेना. मी रडले.

बातमी आमच्या आधी गावात पोचली. पुढच्या हळदीला मी तोंड उघडताच बायका म्हणाल्या, "तुजा नको गो, जुना बोल." मी उभ्या उभ्या एक नवं रचलं आणि माझ्या आईचं म्हणून सांगितलं. आई वारून बरीच वर्षं झाली होती. ती खरं बोलायला येणार नव्हती.