एकट्या बाईला किती लागतं

मडमबाईंना मी पाहिलं नंतर, आधी ऐकलं. कुरुंदवाडहून कोल्हापूरच्या एका मुलींच्या शाळेत नोकरीला आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी खिडकीबाहेर कुणीतरी भाजीवालीशी कडाकडा भांडत होतं. "काय गं, ही वांगी हायत व्हय? नुसत्या बियाच की! मला दिसत न्हाय असं वाटलं तुला?" आवाज असा खणखणीत, की तालमीतल्या एखाद्या पैलवानाची आई असेल असं वाटून मी डोकावले. बाहेर पायघोळ फ्रॉक, वेताची हॅट, उन्हानं तांबूस झालेला चेहरा आणि निळे डोळे! भाजीवालीला त्याचं काहीच नवल नव्हतं. तिनं मुकाट्यानं वांगी बदलून दिली.

आम्ही दोघी आक्कांच्या भाडेकरू. आक्का विधवा होत्या, मागच्या गोठ्यात म्हशी पाळून पेठेत दूध घालायच्या. पुढची खोली माझी आणि मागच्या दोन मडमबाईंच्या. ऐन तरुणपणी त्या इंग्लंडातून इथल्या एका सरदारांच्या घरी मुलं सांभाळायला आल्या. ती मुलं मोठी झाली, मग त्यांचीही मुलं यांनीच वाढवली. मराठी शिकल्या ती मोलकरणी आणि घोड्यांचे मोतद्दार यांच्याकडून, म्हणून ती तशी रांगडी. संस्थान विलीन झालं, सरदारांनी बंगला विकला आणि सगळी मंडळी पुण्याला गेली. जाताना मडमबाईंना महिन्याचं थोडं पेन्शन बांधून दिलं आणि एक भलंमोठं शिसवी कपाट. "कपाट दिलं, पण ते टेकवायला भिंत न्हाय दिली," असं त्या हसत सांगायच्या. कपाट कुठल्याच भिंतीला मावत नव्हतं. ते आडवं लावून त्याच्यामागे त्यांनी न्हाणी केली होती.

त्यांना सगळे एकच विचारायचे, "मडम, आता तुमच्या देशात कधी जाणार?" आणि त्यांचं उत्तरही ठरलेलं, "पैसं पुरतील तवा." इंग्लंडात त्यांची एक बहीण होती, नेल नावाची. तीही नवऱ्यामागे एकटीच, समुद्राकाठच्या लहानशा गावात राहायची. ती सारखी बोलवायची. पण विलायतेत नीट राहायचं तर महिन्याला किती लागतं, हे कळल्याशिवाय मडमबाई निघणार नव्हत्या. त्यामुळे कोल्हापुरात कुणी विलायतेहून आलं, की त्याला यांच्याकडे चहाचं बोलावणं जायचं. लोकांना वाटे, मायदेशाची खुशाली विचारायची असेल. त्या मात्र कप हातात देतादेताच विचारायच्या, "एकट्या बाईला नीट राहायला तिकडं आता किती लागतं?"

एकदा एक तरुण डॉक्टर आले होते. दोन-तीन वर्षं तिकडच्या इस्पितळात काढून नुकतेच परतले होते. प्रश्न ऐकून ते जरा गोंधळले.

"नीट म्हणजे कसं? ज्याच्या त्याच्या राहणीवर आहे."

"राहणी ऱ्हाऊ दे. एक खोली. थंडीत कोळसा. चहात साखर."

"साखर पैसे असूनही मिळत नाही हो. सगळ्याला रेशन. अंडंसुद्धा मोजून मिळतं."

"मग आक्काची कोंबडी घेऊन जाते की!" मडमबाई गडगडाटी हसल्या. पण डॉक्टरांनी खोलीचं भाडं सांगितलं, कोळशाचा भाव सांगितला, तेव्हा त्यांचं हसू हळूहळू विरत गेलं. डॉक्टर गेल्यावर कपबशा विसळता विसळता त्या एवढंच म्हणाल्या, "अजून न्हाय."

आक्कांना हे पटायचं नाही. त्या गोठ्यातूनच ओरडायच्या, "आगं, सख्खी भन बलावतीया, तिच्याकडं जायाला पैसं कशाला लागत्यात?"

एका संध्याकाळी मडमबाई यावर चिडल्या. "आक्का, माझा सगळा जन्म दुसऱ्याच्या घरात गेला. घंटी वाजली की उठायचं, ते देतील त्ये खायचं, सांगतील तिथं झोपायचं. आता भनीच्या घरात बी तसंच? माझ्या पैशाचा कोळसा जाळीन, माझ्या पैशाचा चहा पिईन, तर जाईन. न्हायतर न्हाय."

स्वतःच्या कमाईचं खाणाऱ्या आक्कांना हे बोलणं लगेच कळलं. नंतर त्यांनी जाण्याचा विषय काढला नाही. मडमबाईंच्या दुधाच्या मापात मात्र वर घोटभर दूध जास्त पडू लागलं.

पैसे पुरावेत म्हणून मडमबाईंनी काय काय सोडलं, ते मी शेजारून पाहत होते. आधी लोणी सोडलं, मग इंग्रजी वर्तमानपत्र. बुटाला पट्टीवर पट्टी बसत गेली. इंग्रजी बोलण्याच्या शिकवण्या त्यांनी सुरू केल्या, त्यात मीही होते. तास झाला तरी त्या मला उठू द्यायच्या नाहीत. मी चुकतमाकत शाळेतलं काहीबाही इंग्रजीत सांगत राहायची आणि त्या चुका न सुधारता डोळे मिटून ऐकत बसायच्या.

नाताळात त्या एकच केक करायच्या. सकाळी चर्चला जाऊन येत, ठेवणीतला निळा फ्रॉक अंगावर तसाच ठेवून दार उघडं टाकून बसत. पहिली काही वर्षं पुण्याहून भेटकार्ड यायचं. त्यांनी वाढवलेल्या मुलांपैकी कुणीतरी सही केलेली असायची. पुढे ते येईनासं झालं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "पोस्टमन नवा हाय. त्याला घर सापडत नसंल." तोच पोस्टमन रोज आमच्या दारावरून जायचा, त्यांना हाक मारून जायचा.

मग सरदारांचा कारकून एकदा आला. जहागिरीचं उत्पन्न गेलं, त्यामुळे पेन्शन यापुढे निम्मंच मिळेल, असं त्यानं खाली मान घालून सांगितलं. वांग्यांसाठी पेठ डोक्यावर घेणारी ती बाई त्याला एक शब्द बोलली नाही. उलट चहा करून दिला. त्या संध्याकाळी त्यांच्या खोलीत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला नाही. आक्का भाकरी आणि पिठलं घेऊन गेल्या, आणि मडमबाईंचं खाऊन होईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिल्या.

तरी मडमबाईंनी नाद सोडला नाही. शिकवण्या वाढवल्या, लोकरीचे स्वेटर विणून विकले. आणि पुढे एका वर्षी तिकडचं रेशन उठल्याची बातमी आली. डॉक्टरांना पुन्हा बोलावणं गेलं. ते आता आमच्या ओळखीचे झाले होते. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि सांगितलं, "चैन नाही होणार. पण तुमच्या बहिणीच्या गावात, तुम्ही म्हणता तसं राहाल. कुणापुढे हात नाही पसरावा लागणार."

"नक्की?"

"नक्की."

मडमबाई उठून कपाटामागे गेल्या. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल होते. "आक्का, पुरत्यात गं!" त्या ओरडल्या, आणि गोठ्यातल्या म्हशी बिचकल्या.

बोटीचं तिकीट काढलं. नेलसाठी करड्या लोकरीची शाल विणायला घेतली. माझ्याशी त्या आता फक्त इंग्रजीत बोलायच्या. सराव हवा म्हणायच्या, नाहीतर बंदरावरच्या हमालाला कोल्हापुरीत शिवी जाईल.

निघायला थोडे दिवस राहिले असताना दुपारी तार आली. मी शाळेतून परतत होते. मडमबाई गोठ्याच्या दारात उभ्या दिसल्या. आक्का धार काढत होत्या.

"आक्का, नेल गेली."

"कुठं गेली?" आक्कांनी मान वर न करताच विचारलं. जाण्यायेण्याच्या गोष्टी इतकी वर्षं चालल्या होत्या, की त्यांना दुसरा अर्थ सुचलाच नाही. मग त्यांनी वर पाहिलं आणि चरवी तशीच टाकून त्या उठल्या.

तिकीट परत केलं. मी म्हटलं, "मिस, तरीही जा ना. तुमचाच देश आहे." त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "कुणाकडं?"

त्यानंतर त्या अगदी नीट राहू लागल्या. साठवायचं कारणच उरलं नव्हतं. लोणी परत आलं, वर्तमानपत्र आलं. ऐसपैस आरामखुर्ची घेतली. नवे बूट शिवून घेतले. पेठेतल्या बायका म्हणायच्या, मडमबाई आता सुखात हायत. भाजीवाली देईल ती वांगी मात्र त्या न बघता पिशवीत टाकू लागल्या. एकदा मी त्यांच्याजवळ बसले असताना त्या आपणहून म्हणाल्या, "सगळं पुरतंय बघ आता. उरतंय बी."

अशी दोन वर्षं गेली असतील. थंडीत साधा ताप आला, तो छातीत उतरला. डॉक्टर रोज यायचे. आक्का पायथ्याशी बसून असायच्या. पण मडमबाईंनी फार वाट पाहायला लावली नाही, आठवड्याच्या आत गेल्या. पुण्याला तार केली होती. तिकडून कुणी आलं नाही.

ख्रिस्ती दफनभूमीत आमच्यापैकी कुणीच आधी गेलेलं नव्हतं. पाद्री आपल्याकडचेच, त्यांनी प्रार्थना मराठीत म्हटली. माती लोटायची वेळ आली तेव्हा आक्कांनी माझा दंड धरला. "बाई, जरा थांबवा त्यास्नी. शेवटाला तिच्या बोलीत कुणीतरी बोलाय पायजे. तुमास्नी येतंय न्हवं?"

मी पुढे झाले. इंग्रजीतली एकही प्रार्थना मला आठवेना. काय बोलावं कळेना, म्हणून कोण कोण आलंय तेच इंग्रजीत सांगू लागले. आक्का आल्या आहेत. डॉक्टर आले आहेत. पोस्टमन आहे, भाजीवाली आहे, शिकवणीच्या मुली आहेत, कोपऱ्यावरचा चांभार आहे, स्टोव्ह दुरुस्त करणारे चाचा आहेत. मी एकेकाकडे वळून पाहत होते आणि सांगत होते. मागं फाटकापाशीही माणसं उभी होती, काही मला नावानं ठाऊक नव्हती. आक्का कानाशी लागून त्यांची नावं पुरवत होत्या. ती सगळी सांगून व्हायला बराच वेळ लागला.